विठ्ठलाच्या वाटेवरचा भग्न सेतू

आषाढ लागला की आमच्या पंढरीचे रूप पालटते. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघाल्याची वार्ता येते. मठामठांतून झाडलोट सुरू होते. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत टाळमृदंगाचा घोष कानी येऊ लागतो. अशा दिवसांत आमची दृष्टी मात्र वारंवार नदीकडे वळते. वर उजनीतून पाणी सुटले की चंद्रभागेचे पात्र हां हां म्हणता भरते, वाळवंटातील लहान मंदिरांचे कळस तेवढे दिसत राहतात आणि जुना दगडी पूल पाण्याखाली जातो. पाणी ओसरले की तो पुन्हा वर येतो. अंगावर गाळ, कठड्याला अडकलेल्या फांद्या. पण पूल जागच्या जागी. लहानपणापासून हे दृश्य आम्ही किती वेळा पाहिले असेल, त्याची गणना नाही.

तथापि आज एकादशीच्या निमित्ताने वाचकांपुढे जी कथा मांडावयाची आहे ती या पुलाची नव्हे. ती आहे दुसऱ्या नदीवरील, दुसऱ्या एका विठ्ठलाच्या अंगणातील दगडी पुलाची. ती नदी तुंगभद्रा. ते क्षेत्र हंपी, म्हणजे एके काळचे विजयनगर. आणि तो पूल आता पूल राहिलेला नाही. पाण्यात उभ्या असलेल्या खांबांची एक रांग, एवढेच त्याचे रूप उरले आहे. पण त्या खांबांनी आम्हांस जे शिकविले ते पुष्कळ ग्रंथांनी शिकविले नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तीर्थरूपांसोबतची यात्रा

१९७९ सालच्या चैत्रात आमचे तीर्थरूप आम्हांस हंपीस घेऊन गेले. ते नारदीय परंपरेतील कीर्तनकार. आम्ही तेव्हा विशीतले, पाठशाळेतून नुकते बाहेर पडलेले. पंढरपूरहून कुर्डुवाडीपर्यंत त्या वेळची छोटी गाडी, पुढे सोलापूर, तेथून मीटर गेजच्या गाडीने विजापूर, गदग करीत होसपेट, असा तो प्रवास. होसपेटपासून हंपी बारा-तेरा किलोमीटर. विरूपाक्षाचे दर्शन झाले आणि तीर्थरूप म्हणाले, "आता नदीच्या काठाकाठाने चालू या. आपल्या विठोबाचे जुने बिऱ्हाड पाहायचे आहे."

विरूपाक्षापासून विठ्ठलमंदिरापर्यंतची ती दोनेक किलोमीटरची वाट ज्यांनी पायी तुडविली आहे त्यांना तिचे वर्णन सांगावयास नको. डाव्या हातास खडकांतून वाट काढणारी तुंगभद्रा, उजव्या हातास एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड गोटे. चक्रतीर्थाच्या काठी कोदंडराम. जवळच व्यासराय स्वामींनी स्थापिलेला यंत्रोद्धारक हनुमान. पलीकडच्या तीरावर ऋष्यमूक, पंपासरोवर, अंजनाद्री. ही भूमी म्हणजे रामायणातील किष्किंधा, अशी तेथील श्रद्धा आहे. वाटेत सुग्रीवाची गुहा लागते. तिच्याजवळच्या खडकावरील पट्टे सीतामाईच्या वस्त्राच्या खुणा म्हणून भाविक दाखवितात.

विठ्ठलमंदिराजवळ नदीकाठी एक साधा दगडी मंडप आहे. हा पुरंदरदासांचा मंडप. संसारातील वैभव टाकून झोळी व वीणा घेतलेला हा महापुरुष; कर्नाटक संगीताचे पितामह म्हणून ज्यांचा गौरव होतो आणि ज्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा येते, ते हे. काहींच्या मते त्यांचे मूळ आपल्या पुरंदरगडाकडचे, काहींच्या मते शिवमोग्याकडचे. पौष अमावास्येस त्यांची आराधना होते. आम्ही त्या मंडपात टेकलो आणि समोर पाहिले, तो नदीच्या पात्रात खांबांची रांग उभी.

ओबडधोबड, ना नक्षी, ना कोरीव काम. ग्रॅनाइटचे उभे चिरे, जोडीजोडीने आणि झुबक्याझुबक्याने, पलीकडच्या तीराच्या दिशेने पाण्यात उतरत गेलेले. काही ताठ, काही कललेले, काही आडवे झालेले. चैत्राचे दिवस असल्याने पाणी उतरले होते आणि खांबांवर पुराच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. एका खांबावर पाणकावळा पंख वाळवीत बसला होता.

तीर्थरूप पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भानुदासमहाराजांची कथा खरी माना, नाही तर मानू नका. पण इथून पंढरीला जायचे तर ही नदी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. वाट उत्तरेकडेच जाते."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. पुढे त्याने आमची चांगलीच फजिती केली. ती यथास्थळी सांगू.

स्तंभ आणि तुळई

विजयनगरची स्थापना १३३६ मधली, असे परंपरा सांगते. हरिहर व बुक्क या बंधूंना विद्यारण्यस्वामींचा आशीर्वाद लाभला आणि तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर राजधानी वसली. उत्तर तीरावरील आनेगुंदी हे तिच्याही आधीचे ठाणे. राजधानी एका तीरावर, जुने ठाणे दुसऱ्या तीरावर. तेव्हा मध्ये वाहणाऱ्या नदीवर उतार हवा, हे ओघानेच आले. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२० च्या सुमारास तेथे येऊन गेलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने आनेगुंदीच्या उतारावरील नावांचे वर्णन करून ठेविले आहे. टोपलीसारख्या गोल, आत वेताच्या, बाहेरून कातडे चढविलेल्या. पंधरा-वीस माणसे बसतील एवढ्या मोठ्या. आणि सरळ न जाता गरगर फिरत पलीकडे जाणाऱ्या. पाचशे वर्षे लोटली. कातड्याच्या जागी आता दुसरी आवरणे आली. पण त्या गोल टोपल्या आजही तुंगभद्रेवर गरगरत आहेत.

या टोपल्यांच्या जोडीस विजयनगरच्या वैभवकाळी हा दगडी सेतू होता. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. आपल्या डोळ्यांस दगडी पूल म्हटला की कमानी दिसतात. येथे कमान नाही. आपल्या प्राचीन मंदिरांची जी रीत, म्हणजे खाली स्तंभ आणि वर तुळई, तीच येथे नदीत उतरविली आहे. हंपीचे खडक नीट न्याहाळले तर त्यांवर ओळीने पाडलेल्या पाचरींच्या खाचा दिसतात. खाचांच्या ओळीवर दगड उभा फाटे आणि लांबच लांब चिरे निघत. त्यांतलेच चिरे पात्रातल्या खडकावर उभे केलेले. भिंतीसारखा रुंद पाया घातला की पूर त्याच्यावर आदळतो; सुट्या खांबांच्या मधून तो निघून जातो. पाण्याला अडवावयाचे नाही, त्याला वाट द्यावयाची आणि आपण उभे राहावयाचे, असा हा विचार.

पुढे २३ जानेवारी १५६५ रोजी राक्षसतागडीच्या रणात विजयनगरचा घात झाला. राजधानी लुटली गेली, ओस पडली. विठ्ठलमंदिराचा गाभारा रिता झाला. तो आजही रिताच आहे. ज्याच्या अंगणात दगडी रथ आहे, सप्तस्वर देणारे खांब आहेत, शंभर खांबांचा मंडप आहे, त्या मंदिरात मूर्ती नाही! पन्नास रुपयांच्या आजच्या नोटेवर जो रथ आपण पाहतो तो याच अंगणातला. धनी गेला, घर राहिले. आणि घराकडे येणाऱ्या वाटेवरचा पूल हळूहळू खांबांपुरता उरला.

सेतू म्हणजे काय?

येथे थोडे व्याकरणात शिरण्याची वाचकांनी अनुज्ञा द्यावी. 'पूल' हा शब्द आपण फारसीतून घेतला. संस्कृतातील शब्द 'सेतू'. तो 'सि' या धातूपासून आला आणि त्या धातूचा अर्थ बांधणे. म्हणून सेतू म्हणजे ज्यावरून पलीकडे जाता येते तो पूल, आणि सेतू म्हणजे पाणी अडवून धरणारा बांधही. छांदोग्य उपनिषदात आत्म्यास सेतू म्हटले आहे, ते या दुसऱ्या अर्थाने: हे लोक एकमेकांत मिसळून विस्कटू नयेत म्हणून त्यांना धारण करणारा तो बांध. एकच शब्द जोडतोही आणि राखतोही. आम्हांस वाटते, जुन्या वास्तूंचे रक्षण कसे करावे याचे सारे शास्त्र या एका शब्दात आले.

सेतूची कथा निघाली की भाविकांच्या डोळ्यांपुढे नलाने बांधलेला सेतू उभा राहतो. वाल्मीकींनी त्याचे वर्णन एखाद्या हिशेबी स्थपतीने करावे तसे केले आहे. पहिल्या दिवशी चौदा योजने, दुसऱ्या दिवशी वीस, मग एकवीस, बावीस आणि पाचव्या दिवशी तेवीस, मिळून शंभर. आम्ही कीर्तनात ही बेरीज मुलांकडून करून घेतो. काम दिवसेंदिवस वाढत्या वेगाने झाले, कारण हात सरावले. याच सेतूवर आपल्या महाराष्ट्रात एक महाकाव्य रचले गेले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. विदर्भाचा वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या नावावर असलेले 'सेतुबंध' हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. म्हणजे आपल्या भाषेच्या आजीनेच सेतूची गाणी गाइली आहेत.

आमची फजिती

आता ती फजिती. १९८६ मध्ये हंपीच्या वास्तुसमूहाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. वर्तमानपत्रांतून लेख आले, चित्रे आली. त्यानंतरच्या एका कार्तिकीस आमचे कीर्तन होते. मंडप भरलेला, पुढच्याच रांगेत तीर्थरूप बसलेले. पूर्वरंग उत्तम वठला. उत्तररंगास आम्ही भानुदासांचे आख्यान लाविले.

हे आख्यान वाचकांस परिचित आहेच. पैठणचे भानुदास, एकनाथमहाराजांचे पणजोबा. विजयनगरच्या राजाने पंढरीचा विठ्ठल आपल्या राजधानीस नेला, वारकरी व्याकुळ झाले आणि भानुदासांनी आपल्या भक्तीच्या बळावर देव परत आणला, अशी ही परंपरेची कथा. तिच्या ऐतिहासिकतेविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पण संतांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटले आहे, आणि कानडी व मराठी मुलखांना बांधणारा हा देव आहे यात कोणासही शंका नाही.

आम्ही रंगात आलो होतो. हंपीचा तो पूल डोळ्यांपुढे उभा राहिला आणि जिभेवरचा ताबा सुटला. भानुदास विठ्ठलाला उराशी धरून त्याच सेतूवरून कसे चालले, खाली तुंगभद्रा कशी उचंबळली, कोणत्या खांबापाशी त्यांनी मागे वळून पाहिले, पुलाच्या कोणत्या टोकाशी पुरंदरदास कसे उभे होते, हे सारे आम्ही डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगितले. श्रोत्यांच्या डोळ्यांस धारा लागल्या. आरती झाली, बुक्का लागला, हार पडला. एका वृद्ध मातेने जवळ येऊन विचारले, "महाराज, तो पूल दाखवाल का हो आम्हाला? देव गेला त्या खांबाला डोके टेकवायचे आहे."

रात्री घरी आल्यावर तीर्थरूपांनी आम्हांस जवळ बसविले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, पूल पडलेला आहे. त्याच्यावरून तू देव आणलास कसा?"

आम्ही म्हणालो, "अण्णा, आख्यानात एवढे चालते."

"आख्यानात रस चालतो. पण त्या म्हातारीने तुझ्यावर भरवसा ठेवून डोके टेकवायला खांब मागितला. आता कोणता दाखवशील? नदी ओलांडावी लागली असेल, एवढे आपल्याला म्हणता येते. पुलावरून की टोपलीतून, ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. जेवढे खांब उभे आहेत तेवढेच सांग. मधल्या तुळया आपल्या मनाने टाकू नकोस. लोक त्यावर पाय ठेवतात."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात आरंभीच आम्ही श्रोत्यांची क्षमा मागितली आणि परंपरेची कथा कोणती, नदीतला दगड कोणता, हे वेगवेगळे करून सांगितले. कथेची गोडी त्याने तिळमात्रही उणी झाली नाही. त्या मातेला मात्र आम्ही पुन्हा पाहिले नाही. ती त्या दिवशी मंडपात होती की नव्हती, हे आम्हांस कधीच कळले नाही. ही रुखरुख अद्याप आहे.

पुढे पुष्कळ वर्षांनी वास्तुरक्षणावरील लिखाण वाचताना एक गोष्ट नजरेस आली. १९६४ साली व्हेनिस येथे जगातील जाणकारांनी जुन्या वास्तूंच्या जतनासाठी एक सनद केली. तिचे एक सूत्र असे, की जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. आमचे तीर्थरूप १९९१ मध्ये गेले. त्यांना व्हेनिस ठाऊक नव्हते. पण वाक्य तेच होते.

दोन नव्या पुलांची कथा

या भग्न सेतूच्या परिसरात पुढे जे घडले ते केवळ दगडांपुरते नाही. त्यात माणसे आहेत. म्हणून ते नीट समजून घेतले पाहिजे.

तुंगभद्रेने केवळ दोन तीर वेगळे केले नव्हते. इंग्रजी अमदानीत दक्षिण तीरावरचा बळ्ळारी जिल्हा मद्रास इलाख्यात, तर उत्तर तीरावरची आनेगुंदी निजामाच्या राज्यात. १९५३ मध्ये बळ्ळारी आणि १९५६ मध्ये रायचूरचा मुलूख म्हैसूर राज्यात आल्यावर दोन्ही तीर एका राज्याचे झाले. पण मध्ये पूल नव्हताच. आनेगुंदीच्या माणसास पलीकडच्या बाजारास, दवाखान्यास जावयाचे तर टोपली, नाही तर लांबचा वळसा. अशा स्थितीत त्यांनी पुलाची मागणी केली, तर तिला अधर्म कोण म्हणेल?

म्हणून आनेगुंदीजवळ वाहनांसाठी आणि वरच्या अंगास विरूपापूर गड्डीकडे पादचाऱ्यांसाठी, असे तारांवर तोललेले दोन पूल उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. हे काम संरक्षित क्षेत्राच्या आतच होते. प्राचीन नगरीच्या उरावरून वाहने धावू लागतील, या भीतीने १९९९ मध्ये हंपीचे नाव धोक्यात असलेल्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. काम थांबले, वाद झाले, समित्या बसल्या. २००२ मध्ये हंपीच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. उपाययोजना सुरू झाल्यावर २००६ मध्ये धोक्याच्या यादीतून हंपीचे नाव उतरले. आनेगुंदीच्या पुलाचे काम पुन्हा सुरू झाले आणि जानेवारी २००९ मध्ये बांधकाम चालू असतानाच तो पूल नदीत कोसळला. पोटासाठी आलेले मजूर त्यात प्राणांस मुकले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही पुन्हा हंपीस गेलो. टोपलीतून आनेगुंदीस जाताना आमच्याशेजारी एक प्रौढ बाई बसली होती. मांडीवर भाजीची पाटी, शेजारी शाळेच्या गणवेशातली नात. आम्ही मोडक्यातोडक्या कानडीत त्या भग्न खांबांचे कौतुक करू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "स्वामी, तुम्ही खांब पाहायला येता. आम्हाला पलीकडे जायचे असते."

आम्ही निरुत्तर झालो. विचार केला, विजयनगरच्या राजाने तो सेतू बांधला तो कोणी पाहावा म्हणून नव्हे. अशाच एखाद्या बाईने पाटी घेऊन पलीकडे जावे म्हणून. तेव्हा त्या जुन्या सेतूचा खरा वारस कोण? पाण्यातले खांब की ही पाटी? उत्तर असे, की दोन्ही. आणि दोघांचेही हित साधणारी तोड निघू शकते, हे पुढे दिसले. प्रवाहाच्या खालच्या अंगास, प्राचीन नगरीच्या गाभ्यापासून दूर, बुक्कसागर व कडेबागिलू या गावांना जोडणारा पूल झाला. माणसांस वाट मिळाली, खांबांस शांतता. आधीच जागा नीट निवडली असती तर किती वर्षे, किती द्रव्य आणि किती जीव वाचले असते!

राखणे म्हणजे काय?

आपल्या शास्त्रांनी विहिरी, तळी, बागा, देवालये यांच्या निर्मितीस पूर्तधर्म म्हटले आहे. विष्णुस्मृतीत याविषयी एक सुंदर वचन आहे. त्याचा भाव असा, की विहीर, बाग, तळे वा देवालय यांची जो पुन्हा दुरुस्ती करतो त्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ मिळते. डागडुजी करणारा गवंडी आणि बांधविणारा राजा पुण्यात समान! नव्या बांधकामाच्या कोनशिलेवर नाव कोरण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

पण दुरुस्ती म्हणजे नवेकोरे करणे नव्हे. आमच्याच पंढरीत २०२४ मध्ये श्रीविठ्ठलमंदिराच्या संवर्धनाचे काम झाले, तेव्हा काळाच्या ओघात चढलेले थर उतरवून मूळ पाषाण मोकळा करण्यात आला. प्रथमदर्शनी कित्येकांस चुकल्याचुकल्यासारखे वाटले. मग हळूहळू ध्यानी आले, की आपले पूर्वज ज्या दगडापुढे उभे राहत तो दगड हाच.

हंपीतही असेच. दगडी रथाची चाके पूर्वी फिरत. यात्रेकरू ती फिरवीत. फिरवून फिरवून ती झिजू लागली, तेव्हा ती पक्की जखडून टाकावी लागली. सप्तस्वरांचे खांब प्रत्येक जण वाजवून पाहू लागला, तेव्हा त्यांना हात लावण्यास मनाई करावी लागली. १८५६ मध्ये ग्रीनलॉ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हंपीची छायाचित्रे काढली. त्यांत रथावर विटांचे शिखर दिसते. आज ते नाही. पावणेदोनशे वर्षांत एवढा फरक पडला. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तर एका विष्णुमंदिरातील खांब काही तरुणांनी ढकलून पाडल्याची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. न्यायालयाने त्यांना प्रत्येकी ७०,००० रुपये दंड केला आणि खांब पुन्हा उभे करावयास लाविले. आम्हांस ही शिक्षा फार अर्थपूर्ण वाटते. पाडण्यास क्षण पुरतो. उभा करताना त्या दगडाचे वजन कळते.

नदीकाठच्या आमच्या खांबांची कसोटी मात्र निराळी आहे. वरच्या अंगास होसपेटजवळ १९५३ मध्ये तुंगभद्रा धरण पुरे झाले. त्याचे दरवाजे उघडले की पुरंदरदासांचा मंडप पाण्याखाली जातो आणि सेतूचे खांबही. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री धरणाच्या १९ व्या दरवाजाची साखळी तुटून दरवाजाच वाहून गेला. ती बातमी ऐकताच आमच्या डोळ्यांपुढे प्रथम त्या नदीकाठची माणसे आली आणि मागोमाग ते खांब. पाचशे पावसाळे सोसलेले दगड ते; पण दगडासही सोसण्याची सीमा असते. त्यांची मोजणी, चित्रण, नोंद वरचेवर होत राहणे, हेच अशा वास्तूचे औषधपाणी. कललेला खांब कालच्यापेक्षा आज अधिक कलला का, हे पाहणारा डोळा हवा. त्यावर काँक्रीटची फळी टाकून 'पूल पुन्हा बांधला' म्हणणे ही सेवा नव्हे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. विजयनगरच्या राजांनी काढलेल्या कालव्यांपैकी तुर्तु कालवा अद्याप वाहतो आहे. त्याच्या पाण्यावर आजही शेते पिकतात. कालवा जिवंत राहिला, कारण दर पिढीने त्यातला गाळ उपसला. जे वापरात आहे ते वापरून राखावे, जे भग्न आहे ते भग्न रूपात सांभाळावे. कोणत्या वास्तूस कोणता न्याय लावावयाचा हा विवेक ज्याला साधला, त्याला जतनाचे मर्म कळले.

वाचकहो, एवढे करा

एकादशीच्या दिवशी उपदेश ऐकण्याची आपणांस सवय असते, म्हणून चार शब्द धिटाईने सांगतो. आपल्या गावी जुना पूल असेल, घाट असेल, बारव असेल. आज सायंकाळी मुलांना घेऊन तेथे जा. तो कोणी बांधला हे घरातल्या वडीलधाऱ्यांस विचारा. दगडाच्या सांध्यात पिंपळ रुजला असेल तर तो स्वतः उपटून चिरे हलवू नका. जाणकारास किंवा पुरातत्त्व खात्यास कळवा. दगडावर तेल, शेंदूर, रंग लावू नका. नावे कोरू नका. निर्माल्याच्या पिशव्या पुलावरून नदीत टाकू नका. हंपीस जाल तेव्हा विठ्ठलाच्या रित्या गाभाऱ्यापुढे अवश्य हात जोडा. आणि वास्तूची कथा सांगताना, परंपरा म्हणते ते परंपरेच्या नावावर सांगा आणि डोळ्यांनी दिसते ते डोळ्यांच्या नावावर. आमच्या कीर्तनकार बंधूंस तर ही आमची हात जोडून विनंती आहे. समाजाला मागच्या पिढीशी जोडणारा सेतू आपण आहोत. आपल्या शब्दांवर लोक पाय ठेवतात.

यंदा आषाढीच्या आदल्या दिवशी, दशमीस, आम्ही कीर्तनास भानुदासांचेच आख्यान लावणार आहोत. देव तुंगभद्रेच्या काठी येईल. भानुदास त्याला उराशी धरतील. तेथे आम्ही क्षणभर थांबू आणि श्रोत्यांस सांगू, की येथे एक नदी आहे, तिच्यात काही खांब उभे आहेत. देव त्यांवरून आला की टोपलीतून, ते त्या पांडुरंगास ठाऊक. आणि मग कथा पुढे, उत्तरेकडे, पंढरीच्या वाटेने चालू लागेल.